एकोणचाळीस किलोंचा पक्षी आणि हिंगोलीचे परस

उस्मानाबादी जातीचा पूर्ण वाढलेला बोकड साधारण ३४ किलो भरतो. १२ डिसेंबर १९८९ रोजी लंडनमधल्या एका वार्षिक स्पर्धेत ‘टायसन’ नावाचा टर्की तराजूत घातला गेला आणि त्याचे वजन ८६ पौंड, म्हणजे ३९ किलोंहून किंचित जास्त भरले. तेही जिवंत पक्ष्याचे नव्हे, पिसे काढून साफ केलेल्या पक्ष्याचे. बोकडाहून भारी पक्षी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

असे आकडे मोबाइलच्या पडद्यावरून हिंगोली जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत सहज पोचतात. सोयाबीन, हळद आणि पावसाच्या लहरीवर ज्याचे वर्ष ठरते, तो शेतकरी जोडधंद्याच्या शोधात असतोच. पण आकड्याला चिकटून काही समजही येतात. घरचा टर्की एवढा, तर रानातला केवढा असेल! इंजेक्शन टोचल्याशिवाय कोंबडीच्या जातीचा पक्षी एवढा फुगेलच कसा? आणि सर्वांत महागात पडणारा समज हा, की जेवढा पक्षी मोठा तेवढा नफा मोठा. तिन्ही समज चुकीचे आहेत. मात्र प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी आहे.

रानातला प्राणी घरच्यापेक्षा दांडगा, हा समज उगाच आलेला नाही. शेतात शिरलेले रानडुक्कर आणि गल्लीत फिरणारे गावडुक्कर यांतला फरक शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. आजच्या गाईबैलांचा आता नामशेष झालेला रानटी पूर्वजही आजच्या गुरांपेक्षा थोराड होता. म्हणजे गुराढोरांच्या बाबतीत या समजाला आधार आहे. पक्ष्यांकडे आले की गणित उलटते. गावातल्या सगळ्या कोंबड्यांचा मूळपुरुष असलेला लाल रानकोंबडा जेमतेम एक-दीड किलोचा. टर्कीचेही तसेच. उत्तर अमेरिकेच्या जंगलातला रानटी नर साधारण ५ ते ११ किलोंचा आणि मादी अडीच ते साडेपाच किलोंची असते. आजवर नोंदला गेलेला सर्वांत भारी रानटी नरही १७ किलोंच्या आसपास थांबतो. व्यापारी फार्मवरचा रुंद छातीचा पांढरा नर मात्र पाच महिन्यांच्या आत १८ ते २० किलोंवर जातो. रानातला अपवाद जिथे थांबतो, त्याच्या पुढे फार्मवरचा सामान्य पक्षी जातो.

याचे कारण पंखांत आहे. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट झाले तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. त्यामुळे उडणाऱ्या पक्ष्याला वजनाची कमाल मर्यादा असते. रानटी टर्की रोज संध्याकाळी झाडावर चढून बसतो, कोल्ह्या-लांडग्याची चाहूल लागताच भुर्रकन उठतो आणि थोड्या अंतरापुरता भरधाव उडतो. जो पक्षी इतका जड झाला की फांदी गाठू शकला नाही, तो रात्रीत संपला. त्याचा वंश पुढे गेला नाही. हीच मर्यादा आपल्या माळढोकात दिसते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाने महाराष्ट्राला ज्याची ओळख करून दिली, तो माळढोक जगातल्या सर्वांत वजनदार उडत्या पक्ष्यांत मोडतो, आणि त्याचा नरही पंधरा किलोंच्या घरातच राहतो. म्हणून रानटी पक्षी लहान तो कमजोर, असे म्हणणेही चुकीचे आहे. त्याचे वजन म्हणजे त्याच्या जगण्याला परवडणारे वजन.

इथे रानाच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. टर्की माणसाळला तो मेक्सिकोत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. तिथला मूळ रानटी प्रकार अंगाने लहान होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो माणसाळलेला पक्षी युरोपात नेला आणि पुढे वसाहतवाल्यांबरोबर तो पुन्हा अमेरिकेत आला. तिथे त्याचा संकर पूर्वेकडच्या जंगलातल्या थोराड रानटी टर्कीशी झाला आणि तांबूस चकाकीचा ‘ब्राँझ’ टर्की जन्मला. १९२०च्या दशकात जेसी थ्रॉसल नावाच्या पैदासकाराने इंग्लंडमधून रुंद छातीचे पक्षी कॅनडात नेले, त्यांचे रक्त या ब्राँझमध्ये मिसळले. तेव्हा घरच्या टर्कीच्या आकारात रानाचा वाटा आहेच. पण रानाने जे दिले ते हाडापेराचे थोराडपण; छातीवरचा मांसाचा ढीग माणसाने निवडून निवडून वाढवला.

ही निवड सुरू होण्याआधी घरचा टर्की किती मोठा होता, याचा भारतातला पुरावा गोव्यातून येतो. १६१२ मध्ये मुकर्रब खान हा सरदार बादशहा जहांगीरच्या आज्ञेवरून गोव्याच्या पोर्तुगीजांकडून दुर्मीळ वस्तू आणि प्राणी घेऊन दरबारात परतला. त्यांत एक टर्की नर होता. जहांगीरला पक्ष्यांचे वेड होते आणि नजर निरीक्षकाची. आपल्या आत्मचरित्रात त्याने नोंदले की हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान आहे, माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवतो आणि त्याच्या डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो. त्या पक्ष्याचे चित्र उस्ताद मन्सूरने काढले असे मानतात. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीजांच्या भाषेत या पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात, तुर्कस्तानात त्याचे नाव ‘हिंदी’ आहे आणि इंग्रजीत तो तुर्कस्तानचा ठरला. ज्याला त्याला तो परमुलुखातलाच वाटला.

बादशहाने वापरलेले माप हिंगोलीकराच्या ओळखीचे आहे. लांडोर पावणेतीन ते चार किलोंची, मोर चार ते सहा किलोंचा. त्यावरून गोव्याहून गेलेला तो नर चार ते सहा किलोंच्या दरम्यान असावा, असा अंदाज बांधता येतो. चारशे वर्षांपूर्वीचा घरचा टर्की हा आजच्या रानटी टर्कीएवढाच, किंबहुना त्याहून थोडा लहान होता. म्हणजे घरात आला म्हणून तो फुगला, असेही नाही. बहुतेक मोठी वाढ गेल्या शंभर वर्षांतली आहे. १९३०च्या सुमारास अमेरिकेत बाजारात येणाऱ्या जिवंत टर्कीचे सरासरी वजन सहा किलोंच्या आसपास होते. आता ते चौदा किलोंच्या घरात आहे.

मग ही वाढ संप्रेरकांच्या इंजेक्शनची का? नाही. याचे सर्वांत स्वच्छ उत्तर कोंबडीवरच्या एका प्रयोगाने दिले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ सालच्या जुन्या जाती जशाच्या तशा जतन करून ठेवल्या होत्या. त्या आणि २००५ सालची व्यापारी ब्रॉयलर जात अशा तिघींना एकाच खाद्यावर, सारख्याच व्यवस्थेत वाढवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : ५६ व्या दिवशी १९५७ची कोंबडी ९०५ ग्रॅम, १९७८ची सुमारे १,८०० ग्रॅम आणि २००५ची ४,२०० ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त वंशाचा. अमेरिकेत १९६६ची जुनी टर्की जात आणि २००३ची व्यापारी जात शेजारी शेजारी वाढवली, तेव्हाही नव्याचे वजन जुन्याच्या जवळपास दुप्पट भरले. हजारो पक्ष्यांतून सर्वांत भारी निवडायचे, त्यांचीच पैदास करायची, पुढच्या पिढीत पुन्हा तेच. चांगले कणीस बियाण्याला बाजूला काढणाऱ्या शेतकऱ्याला ही रीत नवी नाही.

संप्रेरकांचा आरोप खोटा ठरला म्हणून कुक्कुटपालनातले सगळेच निर्मळ आहे, असे कोणी समजू नये. खरा प्रश्न प्रतिजैविकांचा आहे. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या आधाराचे औषध पक्ष्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जात होते. भारत सरकारने २०१९ मध्ये खाद्योपयोगी प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. इंजेक्शनच्या अफवेत सगळा राग खर्च झाला की या खऱ्या धोक्याकडे लक्ष जात नाही. अफवेने झालेले हे नुकसान मोठे आहे.

आता तिसरा समज. तो खोडणे सर्वांत गरजेचे, कारण त्यात गरिबाचे भांडवल बुडते.

वीस किलोंच्या नराने काय गमावले ते आधी पाहावे. त्याला उडता येत नाही. पाय वजनाने वाकतात, लंगडतात. छाती इतकी पुढे आलेली असते की त्याला मादीशी जोडही लावता येत नाही. जगभरच्या व्यापारी फार्मवर या जातीची पैदास कृत्रिम रेतनानेच चालते. म्हणजे औंढा किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबाने या जातीचे दहा पक्षी आणले, तर त्यांच्यापासून परसात अकरावा पक्षी होणार नाही. प्रत्येक खेपेला पिल्ले विकत आणावी लागतील, दूरच्या पुरवठादाराकडून, त्याच्या भावाने. गावरान कोंबडी खुडूक बसते, तिच्याखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले चिवचिवतात, आणि घरातल्या बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे येतात. या व्यवस्थेचा कणाच भारी टर्की मोडतो.

उन्हाचेही तसेच. मराठवाड्याचा मे महिना पारा ४२ अंशांपलीकडे नेतो. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि मुख्यतः त्यावरच अंग थंड करतो. शरीर जेवढे मोठे आणि मांसल, तेवढी आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता सर्वांत आधी मान टाकतो तो कळपातला सर्वांत भारी नर.

खाद्याबाबत हिंगोलीची बाजू जमेची आहे, हे खरे. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरीच जास्त; आणि प्रथिनांचा मुख्य आधार म्हणजे सोयाबीनची पेंड. पण सोयाबीन शेतात पिकते म्हणून पेंड फुकट मिळत नाही. तेल काढून तयार झालेली पेंड शेतकऱ्याला बाजारभावानेच विकत घ्यावी लागते.

आणि विकायचे कोणाला? आठवडी बाजारातले गिऱ्हाईक दीड-दोन किलोंची कोंबडी बघते, हातात तोलते आणि घेऊन जाते. आखाडात मागणी वाढते तीही याच मापाची. पंधरा किलोंचा अख्खा पक्षी एका घरात खपत नाही, तो कापून वाटे घालून विकावा लागतो. नाताळची अख्ख्या टर्कीची मागणी गोव्यात, मुंबईत, हैदराबादेत असते, वसमतच्या बाजारात नव्हे.

म्हणून टर्की पाळूच नये का? तसे अजिबात नाही. पाळावा, पण मध्यम. हा शहाणपणा अमेरिकेलाही १९३०च्या दशकातच सुचला होता. छोटी कुटुंबे, छोट्या भट्ट्या. मोठा पक्षी घरात मावेना. तेव्हा मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्राने मुद्दाम लहान पांढरा टर्की तयार केला. मोठेपणाच्या मुलुखात सरकारने पैसे खर्चून पक्षी लहान केला, ही गोष्ट मोबाइलवरच्या चित्रफितींत सहसा सांगितली जात नाही. त्याच बेल्ट्सव्हिल टर्कीचा संकर काळ्या देशी टर्कीशी करून तमिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाने चेन्नईच्या नंदनम केंद्रात ‘नंदनम टर्की-१’ काढला. अशा मध्यम पक्ष्याचा नर साधारण पाच महिन्यांत सात-आठ किलोंचा होतो, मादी पाच किलोंच्या आत राहते. तो हिंडतो, गवत-किडे टिपतो, आपणहून जोड लावतो.

त्याचीही पथ्ये आहेत. टर्कीची पिल्ले पहिले काही दिवस खायला-प्यायला शिकवावी लागतात. नाहीतर समोर दाणे असूनही ती उपाशी मरतात. टर्की आणि गावरान कोंबड्या एकाच आवारात ठेवणे घातक, कारण कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून ‘ब्लॅकहेड’चा परजीवी टर्कीत जातो. कोंबडी तो पचवते, टर्कीचे यकृत सडते. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षे कोंबड्या फिरल्या, तीही टर्कीला निर्धोक नाही. घराजवळ एकच परस असेल तर त्यात कोंबड्याच राहू द्याव्यात.

ज्याच्याकडे वेगळी जागा आहे, त्याने पिल्ले घेताना वजनाचा आकडा ऐकून मान डोलावू नये. जात कोणती, ते वजन नराचे की मादीचे, किती आठवड्यांचे, जिवंत की साफ केलेले, हे विचारावे. मग ही जात आपणहून पिल्ले काढते का, हे कळावे म्हणून विक्रेत्याला अंड्यांवर बसलेली मादी दाखवायला सांगावे. टर्कीचे अंडे उबायला २८ दिवस लागतात. त्या मुदतीत कधीही जाऊन पाहता येते.