जुन्या संगणकांचाही खोडवा घेता येतो



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. त्या दिवशी आपल्या संगणक कक्षातील यंत्रे बंद पडली नाहीत. परंतु नव्या सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती आपोआप मिळणे थांबले. मुदतवाढीची सोय ठेवली गेली, तीही ठरावीक काळापुरतीच. तेव्हापासून कोणी म्हणते, सगळे नवे घ्या. कोणी म्हणते, कसेही करून विंडोज ११ चढवा. कोणी म्हणते, चालते तसे चालू द्या. आम्हाला यातील एकही मत सरसकट पटत नाही.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा, प्रोसेसर लागतो. ही तपासणी चुकविण्याच्या युक्त्या आहेत व आपल्या काही माजी विद्यार्थ्यांना त्या येतातही. त्यांच्या हौसेचे आम्हाला कौतुकच आहे. फायलींची दुसरी प्रत काढून घरच्या यंत्रावर हा प्रयोग जरूर करावा. मात्र अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओच्या काळातील कित्येक प्रोसेसरांवर विंडोज ११ सुरूदेखील होत नाही. ज्या यंत्रात मुलांचे गुण व दाखल्यांच्या नोंदी आहेत, तेथे हा जुगार नको.

आमची सूचना अशी : कार्यालयासाठी निकषात बसणारा एक संगणक घ्यावा आणि विद्यार्थ्यांच्या कक्षात लिनक्स आणावे. लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असल्यास बरे. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. आतील काही पुसले जात नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर यंत्राचा वेग चांगलाच वाढतो.

पालक विचारतील, पुढे नोकरीत विंडोजच लागणार ना? रास्त प्रश्न आहे. पण पत्र लिहिणे, तक्ता करणे, फाइल नीट जपणे या गोष्टी एकदा अंगवळणी पडल्या की प्रणाली बदलल्याने अडत नाही. केरळने २००० च्या दशकातच आपल्या शाळांतून लिनक्स आणले आणि तेथील मुले त्यावरच संगणक शिकली.

एक लाभ आपल्या भाषेचाही आहे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर नेले की अक्षरांचा खिचडा होतो. या निमित्ताने मुलांना युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा. तो दोन्ही प्रणालींत चालतो. मध्य प्रदेशात राहून मराठी जपणाऱ्या आपल्या गावाला हे मोलाचे आहे.

आपण शाहपुरकर केळी पिकविणारी माणसे. घड उतरला म्हणून शेतकरी लगेच बाग मोडत नाही. जोमदार पील राखून खोडवा घेतो. जे यंत्र खरोखर संपले आहे ते काढावे, बाकीच्यांना एक संधी द्यावी. येत्या सुट्टीत एका संगणकावर प्रयोग करून पाहावा व मगच नव्या खरेदीचा निर्णय घ्यावा, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे.