समुद्र विकणे आहे

बॉस, तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो वजन! वर काच, वाळू, दगड वेगळेच. नव्या वन रूम किचनमध्ये एवढा समुद्र मावणार कुठे? म्हणून मी सध्या 'डाउनसायझिंग' करतेय.

फंडा सोपा आहे : आधी मासे, मग मशिनं. स्किमर, चिलर, लाइट्सना गिऱ्हाईक पटकन मिळतं. पण मासे टँकमध्ये असतानाच चिलर विकला, तर मुंबईच्या मे महिन्यात २५-२६ डिग्री राखणार कोण? 'फाइंडिंग निमो'तल्या डोरीच्या जातीचा माझा ब्लू टँग. हा मासा फूटभर वाढतो. तो मोठ्या टँकवाल्या मित्राकडे गेला. निमो-जोडी मात्र माझ्याकडेच राहणार, ऐंशी लिटरमध्ये.

छोटा टँक म्हणजे कमी काम, असं वाटतंय? उलट! पाणी कमी, त्यामुळे बाष्पीभवन झालं की खारटपणा भराभर वाढतो. रोज गोडं पाणी घालत बसा. सिरॅमिकचे जुने दगड ओलेच नव्या टँकमध्ये हलवायचे. माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया त्यांच्यावरच असतात.

आणि हो, 'सोबत कोरल देता का?' असं विचारणारे भेटतातच. सरळ नाही म्हणायचं. २००१ पासून टणक प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीत!

लाइट्स गेले, स्किमर गेला. छोट्या टँकचं तापमान पंख्यावर टिकलं, की चिलरही निघेल. घासाघीस चालेल, घाई नाही.