कापसाच्या तंतूवर बसला पॅलेडियम!

यवतमाळ जिल्हा म्हटला की काय आठवतं? कापूस! वेचणी झाली की राळेगाव, वणी, पांढरकवड्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या येऊ लागतात. या कापसाची वात होते, कापड होतं, गादी होते. पण कापसातला मुख्य पदार्थ औषधं बनवायलाही हातभार लावू शकतो, ठाऊक आहे?

तुमचे आजोबा कदाचित रक्तदाबाची गोळी घेत असतील. अशा औषधाचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंचा सांगाडाच. तो बांधायचा तर कार्बनला कार्बन जोडावा लागतो. पण हे कार्बन मोठे हट्टी! सहजासहजी एकमेकांचा हात धरत नाहीत. मग मध्यस्थ लागतो. पॅलेडियम हा चांदीसारखा चमकदार धातू ते काम करतो. दोन्ही कार्बनांना जवळ आणतो, गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा होतो, पुढची जोडी जुळवायला! अशा मध्यस्थाला 'उत्प्रेरक' म्हणतात. या शोधासाठी अमेरिकेचे रिचर्ड हेक आणि जपानचे एइइची नेगिशी व अकिरा सुझुकी यांना २०१० सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. रक्तदाबावरचं 'लोसार्टन' बनवतानाही सुझुकींची पद्धत वापरली गेली आहे.

आता अडचण ऐका. आमटीत मीठ जास्त पडलं तर काढता येतं का? नाही. पण दालचिनीचा तुकडा मात्र चमच्याने उचलता येतो. पॅलेडियमचंही तसंच. तो द्रावणात विरघळला, की परत मिळवणं कठीण. धातू महागडा, तो वाया जातो. शिवाय औषधात उरला तर तब्येतीला धोका! म्हणून तोंडावाटे घेतलेल्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

मग या 'मिठाची' 'दालचिनी' कशी करायची? इथे कापूस आठवा! सरकी काढलेल्या रुईत सुमारे ९० टक्के सेल्युलोज असतं. यवतमाळच्या शेजारच्या तेलंगणात, हैदराबादला, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी सेल्युलोजवर पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण बसवले आणि त्यांच्याकडून कार्बनच्या जोड्या जुळवून घेतल्या. त्यांचा शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. सेल्युलोज विरघळत नाही. काम झालं की गाळायचं, धुवायचं, पुन्हा वापरायचं! धातू वाचतो, कचरा कमी होतो.

अर्थात, शेतातलं बोंड उचललं आणि भांड्यात टाकलं, असं चालत नाही बरं का! सेल्युलोज शुद्ध करावं लागतं. शिवाय अशा उत्प्रेरकातूनही थोडा धातू सुटू शकतो. म्हणून दर वेळी मोजून पाहावंच लागतं.

आता तुम्हाला एक कोडं. कापसाखेरीज सेल्युलोज आणखी कशात असतं? आईबाबांना विचारण्याआधी तुमचं दप्तर उघडून बघा. उत्तर तिथेच आहे, अगदी पानापानांत!