पडद्यामागचे सूत्र

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की परभणी जिल्ह्यातील शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड या गावांतून डिसेंबरअखेरपासून प्रजासत्ताक दिनापर्यंत शाळांच्या मैदानांवर मंडप उभे राहतात. या समारंभांच्या खर्चाचा मोठा भाग मोंढ्यातील आणि बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबे उचलतात. कुणी कमानीचा खर्च देतो, कुणी रोषणाईचा, कुणी मुलांच्या अल्पोपाहाराचा. अशा यादीत एखाद्या वर्षी मुख्याध्यापक एक अपरिचित मागणी ठेवतात: रंगमंचामागे काम करणाऱ्यांना आपसांत बोलता यावे यासाठी कानाला लावायचे हेडसेट हवेत. विश्वस्तांच्या बैठकीत त्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. आजवर ओरडून आणि मुले पिटाळून काम भागत आले, मग हा नवा खर्च कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बैठकीच्या खोलीत सापडत नाही, त्यासाठी कार्यक्रम सुरू असताना पडद्याच्या मागे उभे राहावे लागते. शाळेच्या संमेलनात तीस-पस्तीस प्रवेश असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. नाचणारी लहान मुले दूरच्या वर्गखोल्यांत वेशभूषा करून बसलेली असतात. गाणी लावणारा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो, दिव्यांचा माणूस बाजूच्या मचाणावर, पडदा ओढणारा एका विंगेत आणि बाई दुसऱ्या विंगेत. या पाच ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे आठवीतला एखादा चपळ मुलगा. तो निरोप घेऊन धावतो, तोपर्यंत परिस्थिती बदललेली असते. गाणे सुरू होते आणि मुले अजून जिन्यावरच असतात. पडदा उघडतो तेव्हा टेबल उचलणारा शिपाई रंगमंचाच्या मधोमध उभा असतो. प्रेक्षक हसतात आणि विसरतात. परंतु दिवे एकाएकी मालवले जातात त्या क्षणी सात वर्षांचे मूल फळ्यांच्या उंच मंचाच्या कडेला असेल, तर ती हसण्याची गोष्ट राहत नाही. ‘थांबा, दिवे घालवू नका’ एवढे तीन-चार शब्द योग्य कानापर्यंत वेळेत पोहोचणे, एवढ्यासाठीच ही यंत्रणा असते.

या संदर्भात २३ डिसेंबर १९९५ हा दिवस आठवावा लागतो. हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक समारंभ मंगल कार्यालयाच्या आवारातील मंडपात चालू होता. कृत्रिम धाग्याच्या कापडाने पेट घेतला, बाहेर पडण्याची वाट अपुरी ठरली आणि ४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शाळकरी मुले फार मोठ्या संख्येने होती. हेडसेट असते तर ती आग टळली असती, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तेथे वाटा मोकळ्या असणे आणि मंडपाचे कापड वेगळे असणे आवश्यक होते. म्हणून ज्या शाळेच्या मंडपाला एकच दार आहे, तिने हेडसेटचा विचार नंतर करावा, आधी दुसरे दार उघडावे. मात्र दारे पुरेशी असली तरी कुठल्या दाराने मुलांना काढायचे हे सर्वांना एकाच वेळी सांगणारी सोय असणे हा पुढचा टप्पा आहे.

मराठी रंगभूमीला पडद्यामागची शिस्त नवी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. सूत्रधार हा शब्द आपल्या व्यवहारात रुजलेला आहे. सूत्र हाती धरणारा तो सूत्रधार. पुढे तिसरी घंटा हा प्रेक्षकांशी आणि नटांशी एकाच वेळी साधलेला संवाद ठरला. पण घंटा सर्वांना ऐकू जाते. एकट्या प्रकाशयोजनाकाराला काही सांगायचे तर ती निरुपयोगी. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी जुनी रीत होती, तिचे मर्म हेच होते: भरगर्दीत, इतरांना न कळता, नेमक्या माणसाशी नेमके बोलणे. रंगमंचाला तशीच सोय हवी असते, फक्त माणसे हाताच्या अंतरावर नसतात.

आज प्रचलित असलेली तारेची पद्धत १९६८ च्या सुमारास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे रूढ झाली. रॉक संगीताच्या मैफलींत आवाज एवढा प्रचंड असे की जवळच्या माणसाचेही बोलणे कळत नसे. त्या गरजेतून कमरेला लावायची छोटी पेटी आणि कानाचा हेडसेट ही जोडी पुढे आली. एक मुख्य पेटी, तिच्यातून निघणारी तार आणि त्या तारेवर एकापुढे एक जोडलेल्या कमरपेट्या, अशी ही रचना असते. तार म्हणजे मायक्रोफोनसाठी वापरतात तीच तीन टाचण्यांची केबल. तिच्यातूनच वीजही जाते आणि आवाजही. त्यामुळे कमरपेटीत बॅटरी लागत नाही. एकाने बोललेले सर्वांना ऐकू येते आणि दोघे एकदम बोलले तरी दोघांचेही ऐकू येते. एका गोष्टीची मात्र खबरदारी हवी. या केबलमध्ये साधारण ३० व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह असतो, म्हणून ती चुकून ध्वनिमिश्रणाच्या यंत्रात खोचली जाऊ नये. तिच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवणे हा उपाय अगदी स्वस्त आहे.

बिनतारी संच दिसायला आकर्षक आणि वापरायला मोकळे असतात. त्यांचे गुण मान्य करूनही खरेदीदाराने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, खोक्यावर लिहिलेले अंतर. ते अंतर मोकळ्या जागेतले, मध्ये काही आडवे नसतानाचे असते. सिमेंटच्या भिंती, पत्र्याची शेड आणि खच्चून भरलेले प्रेक्षक ते झपाट्याने कमी करतात. बहुतेक स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झ या लहरींवर चालतात. वायफायही तेथेच चालते आणि मानवी शरीरातील पाणी त्या लहरी शोषून घेते. रिकाम्या सभागृहात खणखणीत ऐकू येणारा संच संमेलनाच्या संध्याकाळी तुटक बोलू लागतो त्याचे हे कारण. दुसरी गोष्ट बॅटरीची. शाळेत हे संच वर्षातले दहा महिने कपाटात पडून राहणार आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीचे तापमान काय होते ते सांगायला नको. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडली किंवा तापली की तिचे आयुष्य घटते. ती अर्धी भरून, थंड जागी ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाहावी लागते. हे काम नाव घेऊन कुणावर तरी सोपवले नाही, तर तिसऱ्या वर्षी निम्मे संच मुके होतील.

वॉकीटॉकी हा तिसरा पर्याय. त्यात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबून धरणाऱ्याला दुसऱ्याचे ‘थांबा’ ऐकूच येत नाही. फाटकावरचा स्वयंसेवक, वाहनतळ, पाण्याची व्यवस्था यांच्यासाठी ती उत्तम. दिवे आणि पडदा यांच्यासाठी नव्हे. येथे कायद्याचीही बाब आहे. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्याची अट नाही. अन्य लहरींवर चालणारे संच विनापरवाना वापरणे हा अपराध ठरू शकतो. ऑनलाइन विक्रीत ही माहिती लपवली जाते म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये या विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. देणगीदाराने उत्साहाने मागवलेली वस्तू शाळेच्या विश्वस्तांना अडचणीत आणू नये, यासाठी लहरींचा आकडा आणि मान्यतेचा उल्लेख बिलासोबत लेखी घ्यावा.

काही तरुण शिक्षक सुचवतात की मोबाइलवर सामूहिक कॉल लावून आणि एका कानात इअरफोन घालून हेच काम फुकटात होते. छोट्या सभागृहात, पाच-सहा प्रवेशांच्या कार्यक्रमात ते होतेही. पण मैदानावर हजार पालक जमून प्रत्येकजण चित्रफीत पाठवू लागला की नेटवर्क दबते, आवाज उशिरा पोहोचतो, आणि नेमक्या वेळी प्रकाशयोजनाकाराला घरून फोन येतो. सरावासाठी मोबाइल पुरे. मुख्य दिवशी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

मग घ्यावे काय? परभणी जिल्ह्यातील सर्वसाधारण शाळेला, जिचा रंगमंच दरवर्षी त्याच जागी उभा राहतो, तारेचा चार कमरपेट्यांचा संच अधिक योग्य आहे. तारा जमिनीवर येतात ही त्याची उणीव. पण चटईखाली घेऊन चिकटवल्या की तो प्रश्न मिटतो. अशा संचात बिघडण्यासारखे थोडे असते आणि जे बिघडते, ते मुख्यतः केबलचे टोक. ते डाग देऊन जोडणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळतो. उंदरांपासून जपले तर हे संच वर्षानुवर्षे चालतात. ज्या शाळेत मुलांच्या प्रतीक्षेची खोली रंगमंचापासून फार दूर आहे, तिने त्या एका जागेपुरता वॉकीटॉकीचा जोड घ्यावा. सर्वच बिनतारी घेण्याचा मोह दुकानदाराचा असतो, शाळेचा असण्याचे कारण नाही.

हिशेबाच्या बाजूने पाहता खरेदीआधी एक वर्ष भाड्याने आणून पाहणे शहाणपणाचे. मोठ्या शहरांतील ध्वनिव्यवस्था करणाऱ्यांकडे असे संच भाड्याने मिळतात. वर्षातून किती वेळा वापर होईल ते प्रामाणिकपणे मोजावे: संमेलन, स्वातंत्र्यदिन, विज्ञान प्रदर्शनाचे उद्‌घाटन, फार तर एखादी बालनाट्य स्पर्धा. किंमत आणि दुरुस्ती यांची बेरीज अपेक्षित वर्षांतील एकूण वापराने भागली की एका दिवसाचा खर्च निघतो. तो भाड्यापेक्षा जास्त येत असेल, तर खरेदीचे समर्थन करणे कठीण. तीन-चार शाळांनी मिळून एक संच घेण्याची कल्पना बैठकीत फार आवडते. तिच्यातील अडचण एवढीच की सर्वांची संमेलने त्याच पाच आठवड्यांत येतात. तारखा ऑगस्टमध्येच एकत्र बसून ठरवल्या, तरच सामाईक मालकी निभते. नाहीतर पहिल्याच डिसेंबरात वाद. संच कुणाच्याही मालकीचा असो, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक पेटीचा क्रमांक स्वतंत्र नोंदवावा. ‘हेडसेट संच, नग १’ अशी नोंद म्हणजे पुढे तीन पेट्या हरवल्याचे कुणालाच न कळण्याची सोय.

देणगीदारांच्या दृष्टीने या वस्तूत एक वैगुण्य आहे. ती प्रेक्षकांना दिसत नाही आणि तिच्यावर नामफलक लावता येत नाही. ती जेवढी चांगली चालेल, तेवढी तिची आठवण कमी निघेल. कमानीसाठी चार दाते पुढे येतात आणि या खरेदीसाठी एकही नाही, यात नवल नाही. म्हणूनच विश्वस्तांनी ती देणगीच्या यादीत न टाकता संमेलनाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावी.

हेडसेट निवडताना एकाच कानाचा घ्यावा, कारण दुसऱ्या कानाने रंगमंचावरचे संवाद ऐकावे लागतात. ध्वनिक्षेपकाच्या अगदी शेजारी बसणाऱ्यासाठी मात्र दोन कानांचा बरा. कानाचे मऊ आवरण बदलता येणारे असावे. अनेक मुले एकच संच वापरणार असतात.

यंत्र आणले तरी बोलण्याची शिस्त आणावी लागते, आणि ती विकत मिळत नाही. सूचना देणारा एकच असावा. त्याने आधी ‘दिवे, तयार’ म्हणावे, उत्तर घ्यावे आणि नेमक्या क्षणी ठरलेला एकच शब्द उच्चारावा. तो शब्द गप्पांत येणारा नसावा. ‘चला’ हा शब्द त्यासाठी घातक. ‘चला, छान झाले’ असे कुणी सहज म्हणाले आणि पडदा पडला, असे होऊ शकते. २० जुलै १९६९ रोजी मानव चंद्रावर उतरला तेव्हा नियंत्रण कक्षाने याच कारणासाठी नेहमीचा ‘गो’ हा शब्द बाजूला ठेवून ‘स्टे’ आणि ‘नो स्टे’ हे शब्द वापरले, कारण उतरल्यानंतर ‘गो’ म्हणजे थांबा की निघा, हा संभ्रम होण्यासारखा होता. शाळेने ‘दिवा एक, आता’ अशी साधी पद्धत ठरवली तरी पुरे. ‘थांबा’ हा शब्द मात्र कुणीही, केव्हाही उच्चारू शकेल आणि तो ऐकताच सर्वजण हात आवरतील, हे पहिल्याच सरावात सांगावे. आठवी-नववीच्या मुलामुलींना हे काम मोठ्यांपेक्षा लवकर साधते. त्यांच्यापैकी दोघांना मुख्य जागी शिक्षकांशेजारी बसवावे.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी चाचणी घ्यावी ती जनित्र, पंखे, सर्व दिवे आणि मोठे ध्वनिक्षेपक चालू करून. दिव्यांच्या नियंत्रकाजवळून गेलेली तार गुणगुणू लागली तर ती तेथून दूर न्यावी, दिव्यांच्या वायरींना समांतर टाकू नये. मग एकाने सर्वात दूरच्या वर्गखोलीत जाऊन वेशभूषेतील मुलांच्या कोलाहलात उभे राहून पलीकडचे बोलणे कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद बोलणाऱ्याच्या यादीशी ताडून पाहावा.