हरवलेली नाडी

1908 साली जपानमधील नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 21 वर्षांच्या एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची विलक्षण गुंफण वैद्यकसभेत मांडली. त्यावर दोघा सहकाऱ्यांनी सांगितले, की असेच डोळे असलेल्या त्यांच्या रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. पुढे ‘ताकायासू आर्टेरायटिस’ म्हणून ओळखला गेलेला हा दुर्मीळ विकार बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांना गाठतो. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच महाधमनीवर आणि तिच्या शाखांवर उलटते. भिंती सुजून जाड होतात व रक्ताची वाट अरुंद होते.

आरंभी बारीक ताप, थकवा, घटणारे वजन एवढेच दिसते आणि संशय क्षयावर जातो. वेणी घालताना हात भरून येतो, तेही अशक्तपणाच्या खाती जमा होते. रक्तदाब एकाच हाताचा मोजला, तर अरुंद धमनीच्या बाजूचा आकडा फसवा कमी येतो. एकच पारडे पाहून कोणता व्यापारी वजन सांगेल? दोन्ही हातांतील दाबांत मोठी तफावत, किंवा तरुण मुलीला अकारण उच्च रक्तदाब असल्यास धमन्यांची अँजिओग्राफी आवश्यक ठरते. भारतीय रुग्णांत मूत्रपिंडाच्या धमन्या पुष्कळदा आकसतात. ईएसआर, सीआरपी साधारण आले, तरी रोग नाही असे ठरत नाही.

उपचाराचा पाया म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. जोडीला बहुधा मेथोट्रेक्सेटसारखे औषध असते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रोज घेतल्यास जिवावर बेतते.

जैन घरांत खरी कसोटी लागते ती पर्युषणात. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. अशा वेळी अठ्ठाईच्या भरात गोळी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून शुद्ध हरपू शकते. शिवाय शमलेली सूज पुन्हा भडकण्याचा धोका असतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि आजाराची कल्पना महाराजसाहेबांनाही द्यावी. सासूबाईंच्या शब्दाखातर सुनेने गोळी लपवून टाळावी, हा प्रकार तर सर्वांत घातक.

स्टिरॉइड बहुधा सकाळी, काही खाऊन घेतात. त्यामुळे नवकारसी आणि चौविहार सहसा अडत नाहीत. मात्र उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि स्टिरॉइड चालू असल्याचे दारातच सांगावे.