शाळेला ऐकणारं माणूस हवं

रताळी काढायचे दिवस होते. बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या शिवारात दुपारचा चहा आला आणि बोलणं गावातल्या एका पोराकडे वळलं. नववीतला मुलगा. तीन आठवडे कुणाशी बोलत नव्हता, ताटातलं तसंच ठेवत होता, खेळायला बाहेर पडत नव्हता. एक काका म्हणाले, "लई नाजूक झाल्यात पोरं. आमच्या वेळेला मास्तरनं मारलं म्हणून घरात सांगिटलं तर बा आनि दोन ठेवून द्यायचा. काय झालं आमाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची नंतर लाज वाटली. तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो आहे.

"काय झालं आम्हाला?" हा प्रश्न विचारतात ते तरलेले लोक. जे तरले नाहीत, ते विचारायला बांधावर नाहीत. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक ओळ वर्षानुवर्षं छापून येत राहिली : "पोटदुखीला कंटाळून". पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत मिटायचं. घरच्यांनी तेच सांगितलं, पोलिसांनी तेच लिहून घेतलं, बातमीदाराने तेच छापलं. घरच्यांना दोष देववत नाही. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. वाचलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायचं की पोलिसांपासून लपवायचं, हा पेच आईबापांपुढे असायचा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षा न करण्याचं तत्त्व आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलं नाही. म्हणजे पोरांचं हे दुःख आमच्या वेळीही होतं. त्याला नाव नव्हतं, आणि नाव घेणाऱ्याच्या मागे चौकशी लागायची.

आता आकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. तीनशे मुलांच्या आपल्याकडच्या एखाद्या हायस्कुलाला हा हिशेब लावला तर वीस-बावीस मुलं होतात. एवढ्या मुलांना एकदम कावीळ झाली असती तर गावात ग्रामसभा बसली असती.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे, आणि तो जास्त घातक आहे. "असल्या विषयावर पोरांशी बोलू नका, नसलेलं डोक्यात येतं." या भीतीमागे माया आहे हे मला मान्य आहे. पण ती भीती तपासून झाली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांतल्या २,३४२ मुलांवर एक अभ्यास झाला आणि २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत. विचारल्यामुळे कुणाचा त्रास वाढला नाही, विचार वाढले नाहीत. ज्यांना आधीच नैराश्य होतं, त्यांना तर विचारल्यावर किंचित हलकंच वाटलं. त्या शिवारातल्या चहानंतर दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. परड्यात दोघेच बसलो. म्हटलं, "जगू नये असं वाटतंय काय रे?" तो बराच वेळ दावणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रात्री झोप येईना काका." तिथून तो बोलायला लागला. त्याच्या मामीने त्याला बेळगावात डॉक्टरांकडे नेलं. तो आता पोहायला जातो. एका मुलावरून सिद्धांत काढू नये, पण विचारल्याने आभाळ कोसळत नाही एवढं त्या परड्यात मला कळलं.

तिसरं मत सगळ्यात मानभावी. परिपत्रकांतून, भाषणांतून ते येतं आणि ऐकायला गोड लागतं : "शिक्षक हाच विद्यार्थ्याचा खरा समुपदेशक." मी शिक्षकांचा मान राखणारा माणूस आहे, म्हणूनच हे वाक्य मला खोडायचं आहे.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ हायस्कुलांत एक मोठा प्रयोग झाला. तो करणारी 'संगाथ' ही संस्था आपल्या शेजारच्या गोव्यातली, १९९६ मध्ये सुरू झालेली. काही शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट शिकवून तयार केलेली साधी पदवीधर माणसं फक्त याच कामासाठी नेमली. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे दिलं. काही शाळा होत्या तशा ठेवल्या. ज्या शाळांत वेगळं माणूस होतं तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्य कमी झालं, एकमेकांना छळणं कमी झालं. आणि शिक्षकाने काम केलेल्या शाळा? त्यांच्यात आणि होत्या तशा ठेवलेल्या शाळांत फरक दिसला नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे आलं. पुढच्या वर्षीच्या मोजणीतही चित्र तेच राहिलं.

ते शिक्षक आळशी नव्हते. त्यांच्याजवळ वेळ नव्हता, एवढंच. आपल्याकडचं घ्या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कर्नाटकातल्या शिक्षकांनी घरोघरी जाऊन सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण केलं. ते पुरं व्हावं म्हणून दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. त्याखेरीज मतदार याद्या, अक्षर दासोहचा, म्हणजे शाळेतल्या जेवणाचा, तांदळाचा हिशेब, दूध, अंडी, ऑनलाइन माहिती. या माणसाने पाचव्या तासानंतर एखाद्या मुलीला बाजूला घेऊन तासभर ऐकायचं कधी? आणि वेळ असला तरी एक अडचण उरतेच. ज्यांनी चाचणीत सात गुण दिले, जे पालकसभेत आईला सगळं सांगणार आहेत, त्यांच्यासमोर मूल आपलं पोट उघडं करणार नाही. गुण देणारा हात आणि डोळे पुसणारा हात एकच असावा ही अपेक्षा मुलावरही अन्याय करते आणि मास्तरांवरही.

मास्तरांचं मन हा विषय आपल्याकडे कुणी काढतच नाही. सीमाभागातल्या मराठी शाळेत पट घसरतो आहे. दर जूनला धाकधूक असते, मुलं मिळतील का, शाळा राहील का. कुणाची बदली घरापासून लांब झालेली असते. आणि ज्या वर्गातलं मूल जातं, त्या वर्गाच्या शिक्षिकेचा विचार करा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हजेरी घ्यायची असते. यादीत ते नाव येतं. त्या नावापाशी ती काय करते? वगळते, की चुकून उच्चारते? त्या दिवशी त्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवायला शाळेत कोण असतं? शिपाईमामा असतात, स्वयंपाकाच्या मावश्या असतात. त्याही रडत असतात. खरं तर कोणतं पोर जेवत नाही, कोण ताट तसंच परत ठेवतं, हे सगळ्यात आधी या मावश्यांना कळतं. पण आजवर एकाही प्रशिक्षणाला त्यांना बोलावल्याचं मी ऐकलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना मोजलं आहे. आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावी. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी, दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत. शासन कायदा करीपर्यंत हेच लागू. म्हणजे आपण मागतो ती भीक नव्हे.

क्रमांकाचं निघालं म्हणून सांगतो. टेलिमानस, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही आहे. मुलांसाठी १०९८ आहेच. हे दोन्ही आकडे प्रत्येक वर्गाच्या दारावर रंगवा, उद्याच रंगवा. पण "नंबर दिलाय की" असं म्हणून जे हात झटकतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. बेळगुंदीत किंवा राकसकोपच्या वाटेवरच्या एखाद्या वाडीवर आठवीतल्या मुलीजवळ स्वतःचा फोन कुठे असतो? फोन बाबांचा. त्यात नोंद राहते. निपाणीत आई विड्या वळत शेजारीच बसलेली असते, खोली एकच. त्या खोलीतून १४४१६ ला काय सांगायचं आणि कुठल्या आवाजात? फोन हा आधार आहेच, पण त्याच्या आधी फोन लावून देणारं, शेजारी बसणारं माणूस लागतं.

ते माणूस मुलाच्या भाषेत बोलणारं लागतं. इथे आमच्याच माणसांचा एक पवित्रा मला खोडायचा आहे. "सीमाप्रश्न सुटल्याशिवाय मराठी मुलांचं काही खरं नाही." १९५६ पासून महाराष्ट्राबाहेर राहिल्याची ही जखम आपण वागवतो आहोत आणि तिचं दुःख मला कुणाहून कमी नाही. पण आज नववीत असलेलं मूल निकालाची वाट बघत थांबू शकत नाही. दहावीपर्यंत मराठी, बाहेर कन्नड, पीयूसीला, म्हणजे अकरावीला, एकदम इंग्रजी, या तीन पायऱ्यांवर ते रोज ठेचकाळतं. भीती वाटते, जीव घाबरा होतो, मन कशात लागत नाही, हे माणूस आईच्याच भाषेत सांगतो. म्हणून मराठी शाळांना मराठी बोलणारा समुपदेशक हवा. त्याच तालुक्यातल्या कन्नड मुलाला कन्नड बोलणारा आणि उर्दू शाळेतल्या मुलीला उर्दू बोलणारी हवी. या मागणीला सीमेच्या अलीकडे-पलीकडे असं काही नाही.

पैसे कुठून आणायचे, असं अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक वाडीवरच्या चाळीस पटाच्या शाळेला एक माणूस देता येणार नाही. पण जवळजवळच्या आठ-दहा शाळांना मिळून एक देता येईल. सोमवारी इथं, मंगळवारी तिथं, वार ठरलेला, खोली ठरलेली. त्यासाठी डॉक्टरच हवा असं नाही हे नालंदाने दाखवलं. गावातले पदवीधर मुलगे-मुली नीट शिकवून तयार करावेत आणि त्यांच्या मागे बेळगावचं जिल्हा रुग्णालय व धारवाडची डिमहान्स संस्था उभी करावी. गंभीर असेल ते मूल वेळ न घालवता तिथे पोहोचलं पाहिजे. कर्नाटकाला हा विचार परका नाही. साध्या आरोग्यसेवकांना शिकवून मानसोपचार खेड्यापर्यंत नेण्याचा प्रयोग १९८० च्या दशकात निम्हान्सने याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात केला. त्यावरूनच १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. जे बळ्ळारीत रुग्णांसाठी झालं ते बेळगावात शाळांसाठी का होऊ नये?

आणि सरकार हलेपर्यंत आपण काय करायचं? बेळगुंदी, कडोली, उचगाव, सांबरा या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. मंडप, जेवण, ग्रंथदिंडी, सगळं गाव उभं करतं. हे ज्यांना जमतं, त्यांना आपल्या हायस्कुलात आठवड्यातून एक दिवस एक प्रशिक्षित माणूस बसवणं अशक्य नाही. माझी एक विनंती तर अगदी लहान आहे.

२०२५ मध्ये एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल २ मेला लागला. राज्यात तीन लाखांहून जास्त मुलं पहिल्या परीक्षेत अडकली. वर्ष वाया गेलेलं नव्हतं. तीन परीक्षांची पद्धत २०२४ मध्येच सुरू झाली होती आणि परीक्षा-२ त्याच महिन्यात २६ तारखेपासून होती. पण हे त्या दुपारी मुलाला सांगणार कोण? निकाल फोनवर येतो. मे महिना असल्यामुळे शाळेला उन्हाळी सुट्टी असते, फाटकाला कुलूप असतं, मास्तर गावाला गेलेले असतात. मूल एकटंच कुठेतरी, आंब्याखाली नाहीतर माळावर, आकडे बघत बसतं. तेवढा एक दिवस शाळा उघडी ठेवा. एका खोलीत दोन खुर्च्या, माठात पाणी, भिंतीवर परीक्षा-२ च्या तारखा, आणि दार वाजण्याआधीच "ये, बस" म्हणणारं एखादं माणूस.