माफीचे दिवस

 गांधी जयंतीला कामोठ्यातल्या शाळांत तसबिरीला हार पडतो, तसाच खारघरच्या पलीकडे तळोजा मध्यवर्ती कारागृहातही पडतो. तुरुंगाच्या बोलीत 'माफी' म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस. नीट वागले, नेमून दिलेले काम केले की माफी जमा होते. ज्याच्या घरात माणूस मेले, त्याच्याकडे ती मागावी लागत नाही.

दोषी ठरल्यावर न्यायाधीश विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचे आहे का? कठड्यातला माणूस हात जोडतो. "साहेब, घरी म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत." मेलेल्याचे नाव क्वचितच निघते. याचा अर्थ त्याचे काळीज दगडाचे आहे असा नाही. अपील बाकी असते, आणि काहीही कबूल करू नकोस असे वकिलाने बजावलेले असते. त्या दिवशीच्या चेहऱ्यावरून पश्चात्ताप जोखणे आम्हाला धोक्याचे वाटते. 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांत शिक्षा झालेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावलेली होती. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण गुन्हा केलाच नाही म्हणणाऱ्याने पश्चात्ताप दाखवायचा तरी कशाचा?

पश्चात्ताप दिसायला वर्षे लागतात. महाराष्ट्रातल्या एका कैद्याने बाविसाव्या वर्षी एका लहान मुलाला पळवून ठार मारले होते. अठरा वर्षे तो आत होता. तिथूनच बीए झाला, कविता लिहू लागला. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायमूर्ती सिक्री यांच्या पीठाने त्याच्या फाशीची जन्मठेप केली. आपली चूक त्याला उमगली आहे, हे न्यायालयाला त्या कवितांतूनही दिसले. निर्णय योग्यच होता. तरीही तो वाचताना मन त्या मुलाच्या घराकडे जाते. न्यायालयाला पटलेला पश्चात्ताप त्या उंबऱ्यापर्यंत पोचवायची रीत आपल्याकडे नाही.

ती घालावी, कैद्याच्या पत्राची. शिक्षा कमी होण्याशी तिचा संबंध ठेवू नये, नाहीतर पत्रेही अर्जासारखी लिहिली जातील. ज्याला लिहायचे त्याने लिहावे, आणि घरच्यांना आधी विचारून, त्यांनी होकार दिला तरच ते पत्र एखाद्या जाणत्या माणसाने स्वतः नेऊन द्यावे. ऐन वेळी त्यांचे मन फिरले आणि ते न फोडताच परत दिले, तर तेच बंद पाकीट कैद्याच्या हाती ठेवावे.